एमजीबी मोटारीतील बदली इंजिनाची ओळख

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीत आज दिसणारे इंजिन कारखान्यातून निघताना बसवलेलेच आहे की नंतर बदललेले, आणि बदललेले असल्यास ते नेमके कोणत्या प्रकारचे व कोणत्या काळातील आहे, हे ठरवण्याच्या कामास बदली इंजिनाची ओळख म्हणतात. एमजीबीचे उत्पादन इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात झाले. उघडी दोन आसनी रोडस्टर व बंद टपाची जीटी या दोन्ही रूपांत मिळून पाच लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. इतक्या मोठ्या संख्येने विकली गेलेली आणि मूळ कंपनीने जिच्यासाठी बदली इंजिने स्वतःच पुरवली अशी ही मोटार असल्यामुळे, मूळ इंजिन नसलेली एमजीबी ही दुर्मीळ गोष्ट नाही.

ही ओळख केवळ हौशी संग्राहकांच्या कुतूहलापुरती मर्यादित नाही. इंजिनाचा प्रकार चुकीचा धरला तर मागवलेली बेअरिंगे, फ्लायव्हील किंवा स्टार्टर बसत नाहीत. मूळ इंजिन असल्याचे सांगून मोटार अधिक किमतीला विकली जाऊ शकते. नोंदणीपत्रातील क्रमांक आणि प्रत्यक्ष इंजिनावरील क्रमांक यांत फरक निघाला तर त्याचे उत्तर मालकाला द्यावे लागते.

इंजिनाची घडण

एमजीबीमध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे ‘बी-मालिका’ या नावाने ओळखले जाणारे चार सिलिंडरांचे इंजिन असे. ब्लॉक आणि हेड दोन्ही ओतीव लोखंडाचे, व्हॉल्व्ह माथ्यावर आणि ते उघडणारा कॅमशाफ्ट ब्लॉकच्या आत, अशी त्याची साधी रचना होती. सिलिंडरचा व्यास ८०.२६ मिमी, पिस्टनची धाव ८८.९ मिमी आणि एकूण घनफळ १७९८ सीसी. सहा सिलिंडरांची एमजीसी (१९६७–६९) आणि रोव्हरचे ३५२८ सीसी इंजिन असलेली एमजीबी जीटी व्ही८ (१९७३–७६) या मोटारी याच कुळातील असल्या, तरी त्यांची इंजिने सर्वस्वी वेगळी आहेत व नजरेनेच ओळखू येतात.

अठरा वर्षांत या इंजिनाचे बाह्यरूप फारसे बदलले नाही. आत मात्र मोठा बदल झाला. आरंभीच्या इंजिनात क्रँकशाफ्ट तीन मुख्य बेअरिंगांवर फिरत असे. ऑक्टोबर १९६४मध्ये ऑस्टिन १८०० ही मोटार बाजारात आली, तेव्हा तिच्यासाठी तयार केलेली पाच बेअरिंगांची रचना एमजीबीलाही मिळाली आणि क्रँकशाफ्टला अधिक भक्कम आधार लाभला. दुसरा बदल १९६७च्या अखेरीचा आहे. त्या वेळी सर्व गतींना सिंक्रोमेश असलेला नवा गिअरबॉक्स, डायनामोऐवजी अल्टरनेटर आणि नव्या प्रकारचा स्टार्टर आला. त्यामुळे इंजिनाच्या मागील बाजूची पाटी आणि फ्लायव्हील यांतही फरक पडला. म्हणून १९६५च्या मोटारीत १९७०चे इंजिन बसवताना केवळ इंजिन उचलून ठेवले की झाले, असे होत नाही. मागची पाटी व फ्लायव्हील यांचा मेळ गिअरबॉक्सशी घालावा लागतो. ही तडजोड करताना राहिलेल्या खुणा ओळखीच्या कामी फार उपयोगी पडतात.

क्रमांकपट्टी आणि तिचे वाचन

एमजीबीचा इंजिन क्रमांक ब्लॉकच्या उजव्या अंगाला लावलेल्या छोट्या धातूच्या पट्टीवर ठोकलेला असतो. (उजवे व डावे हे चालकाच्या आसनावर बसून पुढे पाहताना धरायचे.) पट्टीवरील अक्षरे रोमन असतात, येथे ती देवनागरीत दिली आहेत. क्रमांकाच्या आरंभीचे ‘१८’ हे घनफळ दर्शवतात आणि पुढचे ‘जी’ हे एमजी या नावाचे अक्षर आहे. त्यानंतरच्या अक्षरावरून आवृत्ती कळते. ‘१८जी’ हे १९६२चे पहिले इंजिन. ‘१८जीए’ १९६४च्या आरंभी आले. बेअरिंगे तीनच, पण क्रँककेसमधील वाफ बाहेर न सोडता पुन्हा इंजिनात घेण्याची सोय त्यात होती. ‘१८जीबी’ म्हणजे पाच बेअरिंगांचे पहिले इंजिन. १९६७च्या बदलानंतर ब्रिटनसाठी ‘१८जीडी’ व नंतर ‘१८जीजी’ आणि धूरनियंत्रणाची साधने बसवलेल्या अमेरिकी मोटारींसाठी ‘१८जीएफ’, ‘१८जीएच’ आदी संकेत वापरले गेले. १९७१पासून ‘१८व्ही’ हा संकेत सुरू झाला. त्याच्यापुढे तीन अंकी संख्या असते व तीच खरी माहिती देते: ५८१ ते ५८३ या संख्या ब्रिटनच्या बाजारातील इंजिनांच्या, ५८४ व ५८५ उत्तर अमेरिकेतील, ८४६ व ८४७ पुन्हा ब्रिटनच्या, पण नंतरच्या काळातील.

जुन्या क्रमांकांत मधली अक्षरेही बोलकी आहेत. ‘यू’ म्हणजे मोटारीच्या मध्यभागी असलेला गिअरदांडा आणि ‘आरयू’ म्हणजे त्याच्या जोडीला ओव्हरड्राइव्ह. ‘एच’ हे अधिक संपीडनाचे व ‘एल’ हे कमी संपीडनाचे चिन्ह. अखेरीस इंजिनाचा अनुक्रमांक येतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘मॅचिंग नंबर्स’ हा शब्दप्रयोग अमेरिकी मोटारींच्या व्यवहारातून आला आहे. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या इंजिनावर १९६०पासून मोटारीचा अनुक्रमांकही ठोकला जाऊ लागला. त्यामुळे तेथे दोन ठिकाणचे आकडे समोरासमोर ठेवून ताडता येतात. एमजीबीच्या इंजिनावर मोटारीचा क्रमांक कोठेही नसतो. इंजिनांची मालिका स्वतंत्र आणि मोटारींची स्वतंत्र. त्यामुळे एमजीबीचे ‘क्रमांक जुळतात’ याचा अर्थ एवढाच, की तिच्या चासी क्रमांकासमोर कारखान्याच्या नोंदवहीत जो इंजिन क्रमांक लिहिला होता तोच आज इंजिनावर आहे. नोंदवही न पाहता केलेल्या या दाव्याला आधार नसतो.

पट्टी काय सांगत नाही

पट्टी ब्लॉकवर रिव्हेटने बसवलेली असते. रिव्हेट निघतात, पट्टीही निघते, आणि कोऱ्या नव्या पट्ट्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात. म्हणून पट्टी ही फक्त स्वतःची साक्ष देते. ती ज्या ब्लॉकवर आहे त्याची नव्हे. पट्टी हलवण्यामागे दर वेळी लबाडीच असते असेही नाही. पूर्वी अनेक गॅरेजांत ब्लॉक बदलताना जुनी पट्टी नव्या ब्लॉकवर सरळ लावून देत, म्हणजे नोंदणीच्या कागदपत्रांत बदल करण्याचे काम वाचे. हेतू काहीही असो, परिणाम एकच होतो: कागद आणि पट्टी जुळतात, पण इंजिन वेगळेच असते.

पट्टी मूळ असल्यास रिव्हेटांची डोकी अखंड असतात, पट्टीखाली व पट्टीवर रंगाचे थर सुसंगत असतात आणि ठोकलेली अक्षरे एका मापाची असतात. पट्टीच्या जागी स्क्रू दिसणे, भोवतीच्या रंगात जुन्या पट्टीची वेगळी कडा उमटलेली असणे किंवा पट्टीच नसून नुसती भोके असणे ही शंकेची कारणे होत. ती शंकाच निर्माण करतात, निर्णय देत नाहीत.

गोल्ड सील आणि सिल्व्हर सील

बदली इंजिनांत सर्वांत महत्त्वाचा वर्ग खुद्द उत्पादकाने पुरवलेल्या इंजिनांचा आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन आणि पुढे ब्रिटिश लेलँड यांची विक्रेत्यांमार्फत चालणारी अदलाबदल योजना होती. झिजलेले इंजिन परत करायचे आणि त्याच्या मोबदल्यात, फरकाची रक्कम भरून, पुन्हा बांधलेले इंजिन घ्यायचे, असा तो व्यवहार होता. परत आलेली इंजिने उघडून, तासून, नवे भाग घालून दुसऱ्या गिऱ्हाइकाला जात. म्हणजे एका मोटारीचा मूळ ब्लॉक आज भलत्याच मोटारीत असू शकतो आणि तोही पूर्णपणे सरळ मार्गाने गेलेला असतो.

या योजनेतील वरच्या दर्जाचे इंजिन ‘गोल्ड सील’ आणि स्वस्तातले ‘सिल्व्हर सील’ या नावाने विकले जाई. नावांप्रमाणेच ती सोनेरी व रुपेरी रंगात रंगवलेली असत. एमजीबीचे कारखान्यातले इंजिन आरंभीच्या दशकात गडद लाल आणि अखेरच्या वर्षांत काळे असे. म्हणून ब्लॉकच्या कोपऱ्यात, इंजिन टेकवणाऱ्या पायांच्या मागे किंवा पट्टीच्या कडेला वरच्या लाल रंगाखाली सोनेरी थर सापडला, तर तो बदली इंजिनाचा जवळजवळ निर्णायक पुरावा ठरतो. पुनर्रंगकामात पुढची बाजू खरवडून रंगवली जाते. मागची सहसा कोणी खरवडत नाही.

गोल्ड सील इंजिनावरील क्रमांक ‘१८जी’ने सुरू होत नाही. तो ‘४८जी’ने सुरू होतो. हा वस्तुतः सुट्या भागांच्या यादीतील क्रमांक असून त्यातील पुढचे आकडे इंजिनाचा प्रकार दर्शवतात. अननुभवी मालक हा संकेत एमजीबीच्या नेहमीच्या यादीत शोधतात, तो तेथे मिळत नाही, आणि ‘इंजिन दुसऱ्याच मोटारीचे आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. प्रत्यक्षात ते एमजीबीसाठीच बनवलेले आणि बहुधा जबाबदारीने बांधलेले इंजिन असते. ‘बदली’ या शब्दाला मराठीत थोडी कमीपणाची छटा आहे. गोल्ड सील इंजिनाच्या बाबतीत ती अनाठायी होय. विक्रेत्याची पावती व जुन्या लॉगबुकातील नोंद सोबत असेल, तर असे इंजिन हा त्या मोटारीच्या इतिहासाचाच भाग मानला जातो. मूळ इंजिनाचा दावा मात्र त्यावरून करता येत नाही.

ब्लॉकची साक्ष

पट्टी अविश्वसनीय ठरली किंवा नाहीशी झाली तर ब्लॉककडेच वळावे लागते. तीन की पाच बेअरिंगे हा पहिला प्रश्न. त्याचे खात्रीचे उत्तर एकच: तळाचा संप उतरवून क्रँकशाफ्टवरील बेअरिंगांच्या टोप्या मोजणे. संप उतरवण्याआधी एक सोपी खूण चालकाच्या समोरच पाहता येते. तीन बेअरिंगांच्या काळातील मोटारींत फेरेमापक यांत्रिक असे व तो इंजिनातून येणाऱ्या फिरत्या तारेने चाले. पाच बेअरिंगांच्या इंजिनाबरोबर विद्युत फेरेमापक आला. १९६३च्या मोटारीत जुना यांत्रिक फेरेमापक असून त्याची तार कोठेही जोडलेली नसेल, किंवा मूळ मापक काढून विद्युत बसवला असेल, तर पुढे नंतरचे इंजिन असण्याचा संभव मोठा असतो. त्याच मोटारीच्या पट्टीवर ‘१८जी’ आणि संपाखाली पाच टोप्या असे निघाले, तर पट्टी दुसरीकडून आली हे सिद्ध झाले.

घनफळ पडताळताना अनेकांकडून एक चूक होते. स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून तार सोडायची व पिस्टनची धाव मोजायची, ही पद्धत सोपी असल्याने लोकप्रिय आहे. पण बी-मालिकेत ती निरुपयोगी आहे. आधीच्या एमजीए मोटारीतील १४८९, १५८८ व १६२२ सीसी आणि एमजीबीतील १७९८ सीसी या चारही इंजिनांची धाव ८८.९ मिमी इतकीच आहे. फरक आहे तो व्यासात: अनुक्रमे ७३.०, ७५.४, ७६.२ आणि ८०.२६ मिमी. तेव्हा हेड उतरवून व्यास मोजणे हाच मार्ग. व्यास थोडा अधिक भरला तर घाबरण्याचे कारण नाही. झिजलेले सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालण्याची पद्धत सर्वत्र होती, आणि ते वाढीव माप बहुधा पिस्टनच्या माथ्यावर कोरलेले असते.

हेडवरील ओतीव क्रमांकांना अनेक जण वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देतात. ‘१२एच९०६’ हा आरंभीच्या, ‘१२एच२३८९’ नंतरच्या आणि ‘१२एच२७०९’ हा ‘१८व्ही’ काळातील मोठ्या व्हॉल्व्हच्या हेडचा क्रमांक, ही माहिती खरी आहे. परंतु हेड हा एका दुपारीत बदलता येणारा भाग आहे. हेडवरून हेडचे वय कळते, ब्लॉकचे नाही. हीच गोष्ट कार्बोरेटर, रॉकर कव्हर व डिस्ट्रिब्युटर यांची. ब्रिटनमध्ये जोडीने बसवलेले एसयू कार्बोरेटर आणि १९७५पासूनच्या अमेरिकी मोटारीतील एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर यांतला फरक पाहून इंजिन कोणत्या देशासाठीचे हे ठरवण्याचा मोह होतो. पण अमेरिकी मालकांनी एकेरी कार्बोरेटर काढून जोडी बसवण्याचे प्रमाण बरेच आहे. त्यामागचे कारणही उघड आहे: १९६२मध्ये सुमारे ९५ अश्वशक्ती देणारे इंजिन अखेरच्या अमेरिकी आवृत्तीत ६२.५ अश्वशक्तीवर आले होते.

मॉरिस मरीनाचे इंजिन

१९७१मध्ये आलेल्या मॉरिस मरीना या घरगुती मोटारीच्या १.८ लिटर आवृत्तीत हेच १७९८ सीसीचे इंजिन होते. मरीना मोठ्या संख्येने विकली गेली आणि तितक्याच झपाट्याने भंगारात गेली. एमजीबीच्या मालकाला त्यामुळे स्वस्त इंजिनांचा साठाच उपलब्ध झाला. मरीनाच्या क्रमांकाचा आरंभही ‘१८व्ही’नेच होतो. म्हणून ‘१८व्ही’ एवढे वाचून थांबणे धोक्याचे आहे. पुढचे तीन अंक पाहिलेच पाहिजेत. प्रत्यक्ष ब्लॉकवरची खूण इंधनपंपाची. मरीनाचा पंप यांत्रिक असून तो ब्लॉकच्या अंगाला बसवलेला असे, तर एमजीबीचा पंप विजेवर चालणारा व मोटारीच्या मागच्या भागात असे. एमजीबीच्या ब्लॉकवर पंपासाठी तासलेली जागा झाकणीने बंद केलेली दिसली, तर मरीनाची शंका घ्यावी. ऑस्टिन १८००चे इंजिन मात्र इतक्या सहज वापरता येत नाही. तेथे इंजिन आडवे असते आणि गिअरबॉक्स त्याच्या तळाशी जोडलेला असतो; त्यामुळे ब्लॉकच्या खालच्या भागाची घडणच निराळी आहे.

कारखान्याची नोंद

अंतिम पडताळणीसाठी गेडन येथील ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडील अभिलेखांचा आधार घेतला जातो. कारखान्याच्या मूळ नोंदींवरून हा न्यास मोटारीचे प्रमाणपत्र देतो. त्यात चासी क्रमांक, मूळ इंजिन क्रमांक, रंग, बांधणीची तारीख व मोटार कोणत्या बाजारासाठी पाठवली गेली, अशी माहिती असते. प्रमाणपत्र मागण्यापूर्वी चासी क्रमांक नीट वाचलेला असावा. त्यातील ‘जीएचएन’ हा रोडस्टरचा व ‘जीएचडी’ हा जीटीचा संकेत. पहिले अक्षर एमजीचे, दुसरे इंजिनाच्या आकारगटाचे आणि तिसरे बांधणीच्या प्रकाराचे.

प्रमाणपत्र मोटार कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसाविषयी बोलते. त्यानंतरच्या काळासाठी जुने ब्रिटिश लॉगबुक अधिक मोलाचे ठरते. इंजिन बदलल्यावर नवा क्रमांक त्यात नोंदवला जाई, त्यामुळे गोल्ड सील इंजिन केव्हा बसले हे काही वेळा तेथूनच कळते. आजही ब्रिटनमध्ये इंजिन बदलल्यास नव्या क्रमांकाची माहिती वाहन परवाना संस्थेला कळवणे बंधनकारक आहे. तेथे २०१८पासून ४० वर्षांहून जुन्या मोटारींना वार्षिक तपासणीतून सूट मिळते. मात्र मोटारीत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. त्याच मूळ इंजिनाची वेगळ्या घनफळाची आवृत्ती हा असा फेरफार समजला जात नाही. तेव्हा १९६४च्या एमजीबीत ‘१८व्ही’ इंजिन असल्याने ती सूट जात नाही. सिलिंडरांची संख्याच बदलली असेल, तर प्रश्न निर्माण होतो.

भारतातील संदर्भ

बी-मालिकेचे इंजिन भारतीय रस्त्यांना अपरिचित नाही. हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये दीर्घ काळ वापरलेले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच मालिकेतील होते आणि १९५५च्या एमजीए मोटारीचे इंजिनही १४८९ सीसीचेच होते. भारतातील जुन्या एमजी मोटारीत अ‍ॅम्बॅसेडरचे इंजिन आहे काय, हा प्रश्न त्यामुळे निरर्थक नाही. एमजीबीच्या बाबतीत त्याचे उत्तर सिलिंडरच्या व्यासावरून मिळते. ७३ आणि ८०.२६ मिमी यांत गल्लत होण्याचा संभव नाही. एमजीएच्या बाबतीत व्यासही सारखाच असल्याने इंजिन क्रमांक, हेड आणि कार्बोरेटरांची मांडणी यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

आरसी बुकात चासी व इंजिन हे दोन्ही क्रमांक नोंदलेले असतात. इंजिन बदलल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार आरटीओकडे नोंद करावी लागते. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना तिचा लाभ मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि क्रमांकात राज्याच्या संकेतानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे, असे तिचे स्वरूप आहे. वाहन मूळ स्वरूपात जतन केलेले असावे आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही तिची अट आहे. त्यामुळे १९६०च्या दशकातील एमजीबीसाठी या नोंदणीचा अर्ज करताना इंजिन त्याच जातीचे आहे एवढे तोंडी सांगणे पुरेसे नसते. पट्टीचे छायाचित्र, व्यासाचे मोजमाप, कारखान्याच्या नोंदीचे प्रमाणपत्र आणि बदली इंजिनाची पावती असल्यास तिची प्रत, एवढे कागद मालकाने अर्जापूर्वीच जमवून ठेवणे इष्ट असते.